सविताचं नाव कमी केलं तेव्हा

न्हावऱ्यात सोसायटीचं रेशन दुकान चालवणारे संपतआबा म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. इतके सरळ चालायचे की वाटेत कुणाचा पाय आला तर त्या पायावरूनही गेले असते. साखर जोखताना काटा हलत असला तर तो थांबेपर्यंत गिऱ्हाईक ताटकळत उभं. रॉकेलच्या मापावर फेस आला तर फेस बसेपर्यंत सगळी रांग उभी. आणि कार्डावरच्या नावांचं विचारूच नका. माणूस मेला, नाव कमी. पोरगी सासरी गेली, नाव कमी. शिरूरच्या तहसिलीतून मिळणारा ‘नाव कमी केल्याचा दाखला’ हा आबांच्या जिवाचा कागद. तो सासरी पोचला, तिकडच्या कार्डावर पोरीचं नाव चढलं, म्हणजे लग्न खरं लागलं असं ते धरून चालत. अक्षता, मंगलाष्टका वगैरे त्यांच्या लेखी नुसती तयारी.

“ज्याचं नाव जिथं, त्याचा दाणा तिथं,” हे त्यांचं पालुपद. गावातल्या काही लेकींना नातवंडं झाली तरी त्यांच्या नावची साखर माहेरी चालू होती. आबांनी दुकान हातात घेतलं आणि एकेकीचं नाव कार्डावरून उतरवलं. लोक पाठीमागे बोटं मोडत. कुशाबाई म्हातारी मात्र तोंडावरच म्हणायची, “आबा, यमाला तरी यायला येळ लागतो. तुमाला न्हाई.” आबांना ती स्तुती वाटायची.

पुढे त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, सविताचं, लग्न झालं. दौंडचा मुलगा, विक्रम नाव, रेल्वेत नोकरी, घरच्या म्हशी. गावाला वाटलं, आता बघू, स्वतःच्या पोरीवर आल्यावर आबांचा नियम कुठं जातो. कुठं जातोय! मांडव उतरायच्या आत आबा शिरूरच्या एसटीत बसले आणि संध्याकाळी दाखला खिशात घालून परत आले. गावानं तोंडात बोटं घातली. घरात पुतळाबाईंनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, जेवणाचं ताट वाढलं आणि पाठ फिरवून त्या आत निघून गेल्या. लग्नाच्या घाईनं दमली असेल, असं म्हणून आबांनी भात कालवला.

त्याच संध्याकाळी आबांनी आणखी एक काम केलं. ते कुणालाच कळलं नाही, कारण ते कुणाला सांगण्यासारखं आहे असं त्यांना वाटलंच नाही.

ते सांगण्याआधी घरातल्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगायला हवी. तो सवितासाठीच घेतला होता, ती शिरूरला कॉलेजात जायची तेव्हा. शिरूरच्या एसटी स्टँडमागं अलीम तांबोळीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान. त्यानं तो जोडून दिला, जीपमधून आणला, बैठकीच्या खोलीत मांडला. अलीम बोलका आणि गोड. त्यानं पहिल्याच दिवशी आबांना खूश करून टाकलं. यंत्र चालू झालं की निळ्या पडद्यावर दोन नावं यायची: घोड्याच्या चित्राशेजारी संपतराव आणि फुलाच्या चित्राशेजारी सविता. “आबा, घर तुमचं, तर मशिनचे मालक पण तुम्हीच,” असं म्हणून त्यानं सगळे अधिकार आबांच्या नावाला जोडले. नवीन नाव कुठं चढवायचं आणि जुनं कुठून काढायचं, तेही दाखवलं. कॉम्प्युटरातलं बाकी काही आबांच्या डोक्यात शिरलं नाही. पत्त्यांचा एक खेळ शिकले, आणि नाव चढवणं-उतरवणं तेवढं एकदा पाहून पक्कं ध्यानात राहिलं. माणसाचा पिंड कुठं जातो!

सविता मात्र त्या यंत्राची झाली. गावातल्या पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा म्हणून तिनं मराठीत धडे तयार केले. प्रत्येक धड्यात तिनं स्वतः काढलेली चित्रं, रंगीत, हलणारी. शेजारची पोरं गाड्यांचा खेळ खेळायला यायची आणि हाताला येईल ते पुसून जायची, म्हणून अलीमनं तिच्या धड्यांच्या फोल्डरला कुलूप घालून दिलं. सविताच्या नावानं आत आलं तरच ते उघडायचं, दुसऱ्या कुणालाही नाही. लग्न होऊन जाताना तिनं धडे सीडीवर घेतले नाहीत. माहेरच्या घरात आहेत, कधीही येऊन बघता येतील, असं तिच्या मनात. तसं वाटणारच.

ते धडे तिला हवे झाले दोन हजार सहाच्या जूनमध्ये. दौंडच्या एका शाळेला कॉम्प्युटर शिकवणारी बाई हवी होती आणि सवितानं तिथं सांगून टाकलं होतं, माझे धडे तयार आहेत, सोमवारी दाखवते. घरी सासूबाईंशीही बोलणं झालं होतं. साखरबाई वाईट नव्हत्या, पण एक घाव दोन तुकडे करणाऱ्या. “नोकरी मिळाली तर खुशाल कर, मी आडवी येनार न्हाई. न्हाई मिळाली, तर म्हशींचं तुजं तू बघायचं आन् परत हा इषय घरात काढायचा न्हाई.” सवितानं होकार दिला होता. धडे होतेच ना.

शनिवारी दुपारी ती चौफुल्याला एसटी बदलून न्हावऱ्याला आली. आईनं तांब्या पुढं केला, तिनं दोन घोट घेतले आणि तशीच कॉम्प्युटरसमोर बसली. आबा दुकान बंद करून नुकतेच आले होते, कौतुकानं लेकीच्या पाठीशी उभे राहिले. निळा पडदा आला. त्यावर घोडा होता आणि संपतराव होते. फूल नव्हतं.

“आबा, माझं नाव कुठं गेलं?”

“अगं, कमी केलं की,” आबा सहज म्हणाले.

सविता वळली. “कमी केलं म्हणजे? कुणी?”

“मीच. कार्डावरनं कमी केलं त्याच सांजच्याला. यंत्र चालू केलं, बघतो तर हितं तुजं नाव तसंच! म्हनलं, तिकडं दौंडच्या कार्डावर चढनार, मग हितं कशाला? एकाच मानसाचं नाव दोन ठिकाणी बरं न्हाई.”

सविता आपल्या बापाकडं पाहत राहिली. तिचा चेहरा असा झाला होता, जणू घरात पाऊल टाकलं आणि कुणी विचारलं, बाई, आपण कोण? दारात उभ्या असलेल्या पुतळाबाईंच्या हातातला तांब्याही तसाच राहिला. आबांना काही कळेना. चांगलं नियमाचं काम केलं आणि हे दोघींचं काय झालं?

ती आबांच्या नावानं आत शिरली. फोल्डर होतं, जागच्या जागी. तिचा जीव भांड्यात पडला. ती ते उघडायला गेली तर पडद्यावर टुणकन एक पाटी आली.

“काय म्हनतंय?” आबांनी विचारलं.

“आत जायची परवानगी नाही म्हणतंय.”

“कुणाला न्हाई?”

“तुम्हाला.”

आबांचे डोळेच विस्फारले. “मला? माज्या घरात? माज्या यंत्रात? मालक हाय न्हवं मी!” त्यांनी स्वतः उंदीर हातात घेतला, तीन-चारदा दाबून पाहिलं. पाटी येतच राहिली. सबंध तालुक्यात ज्यांना तहसिलीतला शिपाईसुद्धा अडवत नव्हता, त्यांना घरच्या डब्यानं दारातून परत पाठवलं. आबांच्या कपाळाला घाम आला.

पण गडी हार मानणारा नव्हता. “थांब,” ते म्हणाले. “नाव उतरवायला येतं तसं चढवायलाबी येतं मला. तुज्या सासरचं कार्ड हाय का हे, दाखला-बिखला लागायला?” आणि त्यांनी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, सविताचं नाव परत लिहिलं. चित्रही तेच फुलाचं दिलं. सवितानं जुनाच पासवर्ड घातला. निळ्या पडद्यावर दोन नावं आली, पहिल्यासारखी. आबांची छाती फुगली. “झालं का न्हाई? उगं तोंड पाडून बसलीस.”

सविता आपल्या नावानं आत गेली. फोल्डरवर दाबलं. तीच पाटी.

आता मात्र आबांच्या पायाखालची वाळू सरकली. नाव तेच, फूल तेच, पासवर्ड तोच, आणि पोरगी तर हाडामांसाची समोर बसलेली, तरी यंत्र म्हणतं तुला परवानगी नाही! ते खाटेवर बसले. सवितानं अलीमला फोन लावला.

अलीम रविवारी सकाळी मोटारसायकलवरून आला. आल्या आल्या त्यानं नेहमीप्रमाणे हसून “क्या आबा, मशिनशी भांडण?” असं केलं, पण काय झालं ते ऐकल्यावर त्याचं हसू मावळलं. “या अल्ला,” तो खुर्ची ओढत म्हणाला. “आबा, नाव काढलं तुम्ही? ताईचं?”

“काढलं. आन् परत घातलं.”

“तीच तर गंमत हाय. तुमच्या कार्डाला नंबर असतो ना, तसा ह्याच्या पोटात दर नावाला नंबर असतो. वर दिसतं ते नाव आपल्यासाठी. कुलूप घालताना ह्यानं नंबर ध्यानात ठेवला. तुम्ही नाव काढलं, तो नंबर गेला. परत तेच नाव घातलं, तर ह्यानं नवा नंबर दिला. ही जी आत्ता चढवली ना, ती दुसरी सविता. ती पहिली होती, ती गेली.”

“अरं, पण समोर बसलीय की ती!”

“ह्याला समोरचं दिसत नाही, आबा.”

अलीमनं दोन-तीन खिडक्या उघडल्या आणि एका जागी बोट ठेवलं. फोल्डरचा मालक कोण, ते तिथं लिहिलेलं असतं. तिथं नाव नव्हतं. आकड्यांची एक लांबलचक ओळ होती, पडद्याच्या कडेपर्यंत गेलेली. “ही बघा तुमची लेक,” अलीम म्हणाला. “तुम्ही नाव काढलं, पण फोल्डर अजून हिलाच मालक समजतं. दुसऱ्या कुणाला आत घेईना.”

आबा त्या आकड्यांकडे बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी नावांवर रेघा मारल्या होत्या. रेघ मारली की विषय संपला, अशी त्यांची समजूत. रेघेखाली काही उरतं आणि ते धन्याची वाट पाहत बसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते हबकले ते हबकलेच.

“आता?” सवितानं विचारलं.

“नुसतं कुलूप असलं तर मी मालक बदलून उघडतो. पण ताई…” अलीमनं मान खाजवली. “तेव्हा मी तुझ्या फायली गुप्त करायची खूण पण केली होती का, ते मला आठवत नाही. ती केली असली तर आतली नावं हिरव्या अक्षरांत दिसतील, नसली तर काळ्या. हिरवं दिसलं की खलास. मी काय, माझा उस्ताद आला तरी नाही उघडणार.”

“आठवत न्हाई म्हंजी?” आबा ओरडले. “कुलूप घालतोस आन् आठवत न्हाई?”

“आबा, नाव तुम्ही काढलं,” अलीम हळू आवाजात म्हणाला.

त्यानं कामाला हात घातला, आणि तेवढ्यात लाईट गेली. भारनियमन. पडदा काळा झाला, पंखा थांबला. दुपारपर्यंत येणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. अलीम ओट्यावर जाऊन बसला. खोलीत सविता, आबा आणि पुतळाबाई. हिरवं की काळं, एवढाच विचार तिघांच्या मनात.

पुतळाबाईंनी चहा आणून ठेवला आणि जायच्या ऐवजी उंबऱ्यावर बसल्या. आबांसमोर अशा त्या कधी बसत नसत.

“माजंबी असंच केलं व्हतं तुमी,” त्या म्हणाल्या.

“कवा?”

“वरवंडला. आपलं लगीन झालं तवा. तवा तर रेशन दुकानबी नव्हतं तुमच्याकडं, तरी सायकल मारत आलता आन् माज्या बापाच्या मागं लागून दाखला नेला. बाप म्हनला, एवढी काय घाई, जावईबापू? तुमी म्हनला, नियम हाय. मी मागच्या दारात उभी व्हते.”

“मग? नियम व्हताच की.”

“व्हता. बाप काय बोलला न्हाई. पर तवापास्नं त्यो त्याच्या साखरंतनं मूठ-मूठ बाजूला काढायचा, एका डब्यात. पुतळीचा वाटा, म्हनायचा. कोन न्हावऱ्याला यायचं असलं की त्याच्या हाती धाडायचा. मरूस्तवर धाडत व्हता. मी त्या साखरंचा च्या करून तुमाला दिला. तुमी म्हनायचा, आज च्या झकास झालाय.”

ज्या माणसानं गावात कुणाला नियमाबाहेरचा चिमूटभर दाणा दिला नाही, तो स्वतः वर्षानुवर्षं नाव कमी झालेल्या लेकीची साखर पीत होता आणि वर वाहवा करत होता! त्यांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. “मला कवा बोलली न्हाईस,” एवढंच ते कसंबसं म्हणाले.

“काय बोलायचं? तुमी इचारलं असतं, कुटल्या नेमात बसतं?” पुतळाबाई म्हणाल्या. “नाव कमी केलं ते केलं. बापानं वाटा कमी केला न्हाई. आन् तुमी पोरीचं पार यंत्रातनंबी काढलंत.”

सविता खाली मान घालून बसली होती. “आबा, नियम म्हणून काढलंत ना?” तिनं विचारलं. “एवढंच सांगा. नियम असला तर माझं काही म्हणणं नाही.”

आबांनी तोंड उघडलं ते ‘व्हय’ म्हणायला. पण बाहेर आलं ते वेगळंच. “नियम न्हवता,” ते म्हणाले. “ह्या यंत्राला कुटला आलाय नियम? सांजच्याला पत्ते खेळाय बसलो, आन् त्ये फूल दिसलं. तुजं नाव. आतनं तू हाक मारशील असं वाटाय लागलं. म्हनलं, हे आता रोज दिसनार. मला न्हाई बघवायचं. म्हनून काढलं.” आणि एवढं बोलून तो कडक माणूस उपरणं तोंडाला लावून लहान पोरासारखा रडला. सवितानं आपल्या बापाला रडताना आजवर पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. ती उठून त्यांच्याजवळ खाटेवर जाऊन बसली. “मग मला तेव्हाच फोन करायचात की,” ती म्हणाली.

लाईट आली तेव्हा अलीम पळतच आत आला. यंत्र चालू झालं. त्याच खिडक्या पुन्हा उघडल्या. “आबा, आधी मालकी तुमच्या नावावर घ्यावी लागते, मग ताईला देऊ. ते विचारतंय, घ्यायची का? तुम्हीच दाबा.”

आबांनी हात मागं घेतला. “माज्या नावावर नगं.”

“तेवढ्यापुरतं हो!”

“दाबा, आबा,” सविता म्हणाली.

आबांनी दाबलं. एक पट्टी हळूहळू सरकत गेली. फोल्डर उघडलं. नावांची रांग खाली उतरत गेली: धडा पहिला, धडा दुसरा, तिसरा.

“काळी!” अलीम खुर्चीतून उठून ओरडला. “आबा, काळी अक्षरं हैत! सगळी काळी!”

पुतळाबाईंना कशातलं काही कळलं नाही, पण त्यांनी मॉनिटरवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सवितानं एक धडा उघडून पाहिला, त्यातलं चित्र हललं, आणि मग ती हसायला लागली ती थांबेचना. अलीमनं मालकी तिच्या नव्या नावावर करून दिली, धडे सीडीवर उतरवले, एक नाही दोन सीड्या केल्या. तिला एसटीत बसवून परत आल्यावर आबांनी घोड्याशेजारचं ते फूल पाहिलं आणि त्या दिवशी पत्ते न खेळताच यंत्र बंद केलं.

सोमवारी संध्याकाळी दौंडहून फोन आला. शाळेनं तिला घेतलं होतं. साखरबाईंनी स्वतः फोन घेऊन सांगितलं की त्या दुसऱ्या सीडीतली चित्रं त्यांनाही बघायची आहेत, कुणी कॉम्प्युटर दाखवला तर.

त्याच आठवड्यात गावातला जालिंदर दुकानात आला. शर्टाच्या खिशातून कागदाची घडी काढून त्यानं ऐटीत आबांपुढं ठेवली. “आबा, परवा पोरीचं लगीन झालं आन् आज दाखला! तुमच्यावानी. करा कमी.”

एरवी आबा म्हणाले असते, शाब्बास रं गड्या. नंबर पाहिला असता आणि रेघ मारली असती. त्या दिवशी त्यांनी चष्मा लावला, कार्डावर बोट ठेवलं आणि पोरीचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं. रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

“पोरीला ठाव हाय का?” आबांनी विचारलं.

“तिला कशाला इचारायचं? नियमच हाय की. तुमीच तर म्हनता!”

“व्हय, नियम हाय,” आबा म्हणाले आणि त्यांनी रेघ मारली. नियम तो नियम. मग त्यांनी साखर जोखली, काटा थांबेपर्यंत थांबले, पिशवीचं तोंड बांधलं, पण पिशवी लगेच हातातून सोडली नाही.

“नाव कमी झालं,” ते म्हणाले. “आता घरी गेलास की ह्यातली मूठभर डब्यात काढून ठेव. पोरीचा वाटा म्हनून. कोन तिच्या गावाला निघालं की धाडत जा.”

जालिंदर आ वासून उभा राहिला. रांगेत मागं कुशाबाई होती, तिनं काठी टेकली, पुढं वाकून आबांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “आबा, बरं न्हाई का तुमाला?”